हिंगणघाटच्या काकाजींना, कॅसेट जोडून दिल्याबद्दल

काकाजी, नमस्कार.

2004 साली तुमच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात बारावीतली एक पोरगी ओढणीत गुंडाळून कॅसेट घेऊन आली होती. रिळाचा गुंता बाहेर लोंबत होता आणि पोरगी रडकुंडीला आली होती. ती मी.

ती कॅसेट मामानं मुंबईहून आणली होती. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातला ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ नावाचा बँड, आणि त्यांचा 1987 चा ‘फ्लडलँड’ हा अल्बम. नावात पूर आणि आमच्या वावरात पाण्याचा थेंब नाही. त्या वर्षी पऱ्हाटी उभी वाळली. बाबा ओट्यावर बसून राहायचे, आई चुलीपुढे. घरात कोणी कोणाशी बोलायचं नाही. रात्री लोडशेडिंग सुरू झालं की मी सेलवर टेप लावायची. त्यांचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच, त्याचा आवाज आधीच खर्जातला, त्यात सेल उतरले की तो आणखी खाली जायचा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. इंग्रजी मला अर्धंही कळत नव्हतं. पण तो आवाज उगाच धीर देत नव्हता, नुसता अंधारात सोबत बसायचा. मला तेवढंच हवं होतं.

आणि एका रात्री टेपनं रीळ गिळली.

दुसऱ्या एका दुकानात ‘फेकून दे, नवी घे’ असं ऐकून मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही हातातला रेडिओ बाजूला ठेवला. कॅसेटीचे पाचही स्क्रू काढून वाटीत ठेवले. चुरगळलेला भाग बोटांवर ताणून पाहिला, ब्लेडनं तिरपा कापला, दोन्ही टोकं जुळवली आणि मागच्या अंगाला चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला. रीळ दाबून धरणारा नमद्याचा तुकडाही निघालेला होता. तो तुम्ही तुमच्याच एका खराब झालेल्या, तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या कॅसेटीतला काढून बसवलात. मग पेन्सिल घालून सगळी रीळ सावकाश गुंडाळलीत.

चालते का बघायला म्हणून लावली, ती तुम्ही बंदच केली नाही. डोळे मिटून ऐकत राहिलात. माझ्या पोटात गोळा, आता हे हसणार. तुम्ही म्हणालात, “पोरी, हे मानूस नाई वाजवत. मानसाचा हात असन त थोडासा मांगंपुढं होतेच. हे मशीन हाय.”

तुम्ही भजनी मंडळात खंजिरी वाजवायचात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मला ते पटलं नव्हतं. घरी येताना एसटीत मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

काकाजी, तुमचं बरोबर होतं. पुढे कॉलेजात इंटरनेट मिळालं, तेव्हा या बँडबद्दल सापडेल ते सगळं वाचलं. 1980 मध्ये बँड सुरू झाला तेव्हा एल्ड्रिच स्वतः ड्रम वाजवायचा. लवकरच त्याला नुसतं गायचं होतं, म्हणून त्यानं ड्रम मशीन आणलं. त्या मशीनला नाव दिलं ‘डॉक्टर अ‍ॅव्हलान्श’, आणि माणसासारखं बँडच्या सभासदांत त्याचं नाव लावलं. गिटारवाले आले आणि गेले, डॉक्टर मात्र राहिला. ते वाचताना कॅफेत मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, “काकाजींनी ओळखलं होतं!” एकही इंग्रजी शब्द न कळता, एका ऐकण्यात.

आणखी एक सांगायचं आहे. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. तुम्ही चारेक बोटं रीळ कापली होती, म्हणजे साधारण दीड सेकंद. त्यांचं ते जवळजवळ अकरा मिनिटांचं, मोठ्या कोरसचं गाणं आहे ना, त्यातला तो दीड सेकंद. आता फोनवर ते गाणं अख्खं ऐकू येतं, तरी ती जागा आली की मी थांबते. मला अजून तिथे तुमचा जोड ऐकू येतो. खरं सांगते, मला जोडवालंच गाणं जास्त आवडतं.

त्यांचे अल्बम तीनच. शेवटचा 1990 मध्ये आला. नवी गाणी ते स्टेजवर गातात, अल्बम काढत नाहीत. लोक त्यांना गॉथिक, म्हणजे काळोख्या, उदास धाटणीच्या रॉकवाले म्हणतात आणि एल्ड्रिचला ते मान्य नाही. मला या वादाशी घेणं नाही. माझ्या वाईटातल्या वाईट वर्षी त्यांनी सोबत केली आणि ती सोबत तुटली तेव्हा तुम्ही जोडून दिलीत. पैसे विचारले तर म्हणालात, “अभ्यास कर.” मी केला. ते आज सांगते आहे, उशिरा. माफ करा.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तो भजनाच्या कॅसेटीतला तुकडा मागच्या महिन्यात सुटला. दिवाळीत गावी येणार आहे, तेव्हा घेऊन येते.

तुमची,
ओढणीत कॅसेट आणणारी पोरगी