धीर द्यायची घाई नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की दुकानात एका पुस्तकाची हमखास चौकशी होते : मुलाची शाळेची भीती घालवणारं. अशी मराठी चित्रपुस्तकं आता मिळतात, याचा आनंदच आहे. पण त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांत धीर द्यायची फार घाई झालेली दिसते. दुसऱ्या पानावर कासव घाबरतं, तिसऱ्यावर खार म्हणते, "घाबरतोस काय वेड्यासारखा!" आणि चौथ्यावर सगळे नाचतात. ज्याच्या पोटात खरोखर गोळा आलाय, त्या मुलाला यात आपलं कुणी सापडत नाही.

याचं एक कारण छपाईतच आहे. खर्च वाचवायला गोष्ट १६ पानांत बसवली जाते. शीर्षकाची, श्रेयांची पानं गेली की उरतात सहा-सात जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या. त्यात काळजीच्या वाट्याला जेमतेम एक येतं. ३२ पानांच्या पुस्तकात १४च्या आसपास जोडपानं मिळतात. त्यातली निम्मी खुशाल काळजीला द्यावीत.

'कासवाला चिंता वाटली' एवढ्याने चार वर्षांच्या मुलाला काही उमगत नाही. डबा उघडलाय, पोळीचा रोल तसाच पडलाय, एक पाय कवचाबाहेर, बाकीचे आत, हे मात्र ते बघताक्षणी ओळखतं. पुढच्या जोडपानावर एकही शब्द नको. कवच मिटलेलं, आणि खार शेजारी नुसती बसलेली, शेपटी कवचावर टेकवून. ती काही बोलेल का, हे पान उलटल्यावरच कळायला हवं. तिचं वाक्य त्याच चित्राखाली छापलं की सगळी उत्सुकता तिथेच संपते. हे पान खरं तर चित्रकारच लिहितो, म्हणून त्याचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या बरोबरीने हवं.

पानांच्या मांडणीतही चुका होतात. पात्राचा चेहरा पिनांच्या घडीत जातो. अनुवादित पुस्तकात इंग्रजीसाठी सोडलेल्या जागेत मराठी कोंबलं जातं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. गडद आभाळावर काळा मजकूर तर वाचताच येत नाही.

पालकांनाही एक विनंती. हे पुस्तक शाळेच्या आदल्या रात्री काढू नका, आठ-दहा दिवस आधीपासून वाचा. बिनशब्दांच्या पानावर थांबा, मनात पाच आकडे मोजा. मूल पुन्हा भीतीच्याच पानावर गेलं तर जाऊ द्या. शेवट ठाऊक असल्यामुळेच त्याला तिथे थांबता येतं. "मग काय शिकलास?" हे मात्र विचारू नका.

आणि प्रकाशकांनी शेवटच्या पानावरची बोधाची चौकट काढून टाकावी. त्या जागी कासवाचा रिकामा डबा दाखवावा.

– बालवाचनालयातील एक कार्यकर्ती, सातारा