मानधन केवळ मंचावरच्या वेळेचे नको

महोदय,

कार्यक्रम दीड तासाचा असला, तरी वाद्ये गाडीत भरणे, प्रवास, मांडणी, ध्वनिचाचणी आणि रात्री उशिराची आवराआवर यांत साथीदार वादकाचा अख्खा दिवस जातो. मानधन ठरवताना मात्र अनेक आयोजक मंचावरचाच वेळ मोजतात, हे अन्यायाचे आहे. प्रवासखर्च, मुक्काम आणि कार्यक्रम रद्द झाल्यास द्यायची भरपाई आधीच लेखी ठरली पाहिजे.

त्याहून दुर्लक्षित प्रश्न कानांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, तीही श्रोत्यांचा विचार करून. वादक तर दौऱ्यात रोज स्पीकरच्या शेजारीच उभे असतात. मोठ्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही, त्यामुळे कर्णरक्षकांचा खर्च आयोजकांनी करारातच धरावा.

– एक वादक