सोमवारी एक पोरगा घरी येईल

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांना सा. नमस्कार.

आई, फोनवर हा विषय काढला की तुझं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. म्हणून लिहून पाठवतेय. अण्णांना मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या कमरेचा मजकूर गाळलास तरी चालेल, त्यांना तो माहीत आहे.

सोमवारी सकाळच्या गाडीने एक पोरगा येईल. औशाकडचाच आहे. लातूरला एका दवाखान्यात आजारी माणसं सांभाळायचं काम त्याने केलंय. भाऊ त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या हातचा चहा पिऊन आलाय, म्हणजे तुझ्या पद्धतीने चौकशी झालेली आहे. तो रात्रंदिवस राहील. अण्णांची आंघोळ, संडास, त्यांना खुर्चीत बसवणं, परत निजवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं ही कामं त्याची. तुला विचारायला लिहीत नाहीये, आमचं ठरलंय. हवं तेवढं रागाव, पण त्याला दारातून परत पाठवू नकोस.

आम्ही काय कमी विचार केला? माझ्याकडे पुण्याला आणायचं म्हटलं तर तिसरा मजला, आणि लिफ्टचा भरवसा नाही. भाऊ लातूरला न्यायला तयार होता, वहिनीने खोलीही रिकामी केली होती. पण तिथे ओसरी कुठून आणायची? अण्णा ओसरीवर बसले की येणारा-जाणारा प्रत्येक जण "राम राम कंडक्टर" म्हणतो आणि ते डावा हात उचलतात. डॉक्टर ज्या व्यायामासाठी पैसे घेतात तो गाव त्यांच्याकडून फुकट करून घेतंय. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ते बोलायचा प्रयत्नसुद्धा सोडून देतील. म्हणून घर आहे तसंच राहू द्यायचं आणि घरात एक माणूस वाढवायचा, एवढंच केलंय.

आता कमरेचं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला, हाडं ठिसूळ झालीत, एक मणका दबलाय, वजन उचलायचं नाही. तू "बरं" म्हणालीस, आणि त्याच सांजेला अण्णांना काखेत धरून न्हाणीत नेलंस. मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. शेजारच्या काकूंशी बोलणं बंद करू नकोस.

"माझ्या नवऱ्याचं मी करीन, परक्याचा हात कशाला" हे तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. पण आई, परक्यांच्या घरात तुझा हात किती वर्षं होता? ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून गाव नुकतं निजलेलं, अण्णा मुक्कामी गाडीवर. तू आम्हाला अंगणात ओढून काढलंस. उजाडल्यावर भूकंपात किल्लारी गेल्याचं कळलं आणि तू चूल पेटवलीस ती दुपारपर्यंत विझलीच नाही. टेम्पोत भाकरीची गाठोडी टाकून तू स्वतःही चढलीस. तिथून परतल्यावर तू काय पाहिलंस ते आम्हाला कधीच सांगितलं नाहीस. आम्हीही विचारलं नाही.

नंतर तू संवाद सहायक झालीस, म्हणजे भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीचं लोकांना समजावणारी. आपल्या गावाला नवी घरं मिळणार नव्हती, आहेत तीच मजबूत करायची होती, आणि लोक तर दगडी भिंतीखाली निजायलाच तयार नव्हते. पावसातसुद्धा पत्र्याखाली राहायचे. तू घरोघर सांगत फिरायचीस, माळवदाच्या छतावरचा पांढऱ्या मातीचा थर कमी करा, भिंतीला आरपार भोक पाडून वाकवलेली सळई घाला, काँक्रीट भरा, मग आतला आणि बाहेरचा पदर एकमेकाला धरून राहील. पारावरचे बापे हसले. तू गवंडी आपल्याच घरी आणलास आणि पहिलं भोक देवळीच्या शेजारी पाडायला लावलंस. आजीने दोन दिवस अबोला धरला. तू बायकांना म्हणायचीस, "उभी आहे तवरच बांधून घ्या. पडल्यावर मदत येते ती ढिगारा उपसायला."

तुझंच वाक्य तुझ्यावर उलटवतेय, येऊ दे राग.

पोलिओचा थंड डबा खांद्याला अडकवून ऊसतोडीच्या कोप्या पालथ्या घातल्यास. २०१४ ला देश पोलिओमुक्त झाल्याची बातमी लागली तेव्हा म्हणालीस, "आता डब्यात ताक ठेवायला हरकत नाही." एवढं करून प्रत्येक वेळी अण्णांचं ताट वेळेवर. ड्यूटीवरून ते कितीही उशिरा येवोत, त्यांची भाकरी तव्यावरून थेट ताटात. ती तशीच राहणार आहे. पोराला आम्ही स्पष्ट सांगितलंय की चुलीजवळ जायचं नाही. अण्णांना भरवणं तुझं, गोळ्या तुझ्या, रात्रीची पोथी तुझी. त्याने फक्त उचलायचं.

अण्णा, तुम्हाला लाज वाटेल हे मला कळतंय. तुम्ही कधी कुणाकडून पाण्याचा तांब्या मागितला नाही. पण आई रात्री उठते तेव्हा तुम्ही जागे असता आणि झोपल्याचं सोंग करता, हेही मला कळतंय. लहानपणी मी तापात असताना तुम्ही खाकी कपड्यांतच मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचात आणि कानाशी सगळे थांबे म्हणून दाखवायचात. औसा येईपर्यंत मी झोपलेली असायचे. तुमचे शब्द आता अडखळतात, अडखळू द्या. त्या पोराला थांबे शिकवा, त्याच्याकडून रोज म्हणवून घ्या. चुकला की हाताने पलंग वाजवा.

आता ऐका. न्हाणीत आडवे दांडे बसवायला मिस्त्री शनिवारी येतोय, त्याच्याशी मजुरीवरून भांडू नका. हवेची गादी येईल, तिचं बटण वीज वाचवायला बंद करायचं नाही. आई, पट्टा बांधायचा, ट्रंकेत ठेवायचा नाही. घागर भरून उचलायची नाही, तांब्या-तांब्याने घे. येळवशीच्या सणाला आम्ही सगळे येतोय. भज्जी आणि आंबील वहिनी आणि मी करू, तू कोपीत बसून चुका काढ. अण्णांना गाडीतून शेतात न्यायचं, त्यांच्या खुर्चीसाठी भाऊ बांधावरची वाट सपाट करून घेणार आहे.

लोक म्हणतील लेकरांनी गडी ठेवून हात झटकले. म्हणू देत. मी दर पंधरवड्याला येतेच आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. त्याचा पगार आम्ही तिघं देतोय. पोस्टातल्या पैशाला हात लावायचा नाहीस. आणि पहिल्याच दिवशी त्याला पुरणपोळी घालू नकोस, पाहुणा समजून बसेल.