आभार मानणे वेगळे, दावा सांगणे वेगळे

प्रति,
माननीय संपादक,
सादर नमस्कार.

भारतीय महिला संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकल्यापासून आपल्या दैनिकात श्रद्धा, संस्कृती आणि खेळ यांच्या नात्यावर जे लेख आले, ते मी एकेक करून वाचले आणि त्यांची कात्रणेही काढून ठेवली. मी कोल्हापूरचा रहिवासी, जन्माने आणि विश्वासाने ख्रिस्ती, आणि आयुष्यभर शाळेत खेळाचा तास घेतलेला निवृत्त शिक्षक आहे. त्यामुळे या चर्चेत चार ओळी लिहिण्याचा मोह मला आवरला नाही.

या सगळ्या लेखांचे निमित्त एकच होते. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर (नाव आमच्या कोल्हापूरच्या माणसाचे, हे जाता जाता) उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारताने गाठले आणि जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली. डोळ्यांतले पाणी पुसत तिने प्रथम येशूचे आभार मानले, मग आईवडिलांचे आणि प्रशिक्षकांचे. त्यानंतर समाजमाध्यमांवर जी खिल्ली उडवली गेली तिच्याविषयी मी लिहिणार नाही, कारण तिला उत्तर देण्यासारखे त्यात काही नव्हते. परंतु आपल्या एका लेखकाने सभ्य भाषेत मांडलेला मुद्दा, की खेळाडूने आपला धर्म ड्रेसिंग रूममध्ये ठेवूनच मैदानात उतरावे, विचार करण्यासारखा आहे आणि मला तो पटलेला नाही.

लेखक महाशयांनी कधी खासबाग मैदानात कुस्ती पाहिली आहे का, असे त्यांना विचारावेसे वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात उतरणारा पैलवान आधी लाल माती कपाळाला लावतो, आणि तालमीतला त्याचा दिवस मारुतीसमोर हात जोडूनच सुरू होतो. त्याने आपली श्रद्धा बाहेर ठेवून यावे असे कोल्हापुरात आजवर कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि म्हणूही नये. मी स्वतः तरुणपणी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळलो. सामन्याआधी नारळ फुटायचा, त्यातले खोबरे सगळ्यांबरोबर मीही खायचो, आणि कडेला उभा राहून मनातल्या मनात माझी प्रार्थना करायचो. संघातल्या पोरांना ती ठाऊक होती आणि माझी प्रार्थना संपेपर्यंत पोरे थांबतही असत. एकदा शनिवारचा सामना जिंकून घरी आलो, कितीही डोके धुतले तरी गुलाल निघेना, आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत मी गुलाबी केसांनीच बसलो. आई शरमेने लाल झाली होती. पाळकसाहेबांनी मात्र दारात हस्तांदोलन करताना एवढेच विचारले, ‘किती गोलांनी?’ तेव्हा, मैदानावर देवाचे नाव घेणे ही बाहेरून आलेली चाल नाही. ती आमच्या मातीतलीच आहे. फक्त या वेळी ते नाव निराळे होते, आणि खटकले असेल तर तेच खटकले.

दुसऱ्या एका लेखात ख्रिस्ती श्रद्धा मराठी संस्कृतीला उपरी असल्याचा सूर होता. त्यावर फार शाई खर्च करत नाही. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी येशूची कथा ओवीत बांधून छापली, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने आजही आमच्या घराघरांत टाळांच्या साथीने म्हटली जातात, आणि शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी या शहरात जी वसतिगृहे उभी केली त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही एक होते. महाराजांना जे उपरे वाटले नाही, ते आता कोणाला का वाटावे?

मात्र खरे सांगायचे तर हे पत्र मी केवळ त्या लेखकांना उद्देशून लिहीत नाही, तर माझ्या स्वतःच्या मंडळीतल्या काही जणांना उद्देशूनही लिहीत आहे. त्या सामन्यानंतर आमच्यातल्या कित्येकांनी असे बोलायला सुरुवात केली, की बघा, आपल्या प्रभूने सामना जिंकून दिला. हे ऐकून मला जितका त्रास झाला तितका त्या लेखाने झाला नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघात प्रार्थना करणारी एकही मुलगी नव्हती असे आपण कशावरून धरून चालतो?

या संदर्भात मला आपल्या शेजारच्या सांगलीत जन्मलेल्या क्रिकेटपटू विजय सॅम्युएल हजारे यांची आठवण होते. ते मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्माच्या नावाने बांधलेल्या संघांत खेळली जाई: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि या चौघांत न बसणाऱ्यांचा ‘शेष’. हजारे या ‘शेष’मधून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध फॉलोऑन मिळाल्यावर त्यांनी ३०९ धावा केल्या, तेव्हा त्या डावात संघाची सगळी मिळून धावसंख्या होती ३८७. त्यांचे बंधू विवेक दुसरे टोक धरून तासन्‌तास उभे राहिले आणि त्यांच्या धावा होत्या २१. माझे वडील ही खेळी इतक्या वेळा सांगत की ती मीच पाहिली असे मला कधी कधी वाटते. आणि एवढे करूनही ‘शेष’ संघ डावाने हरला. त्या दिवशी देव हिंदू संघाच्या बाजूने होता, असे आमची मंडळी म्हणणार आहे काय? हजारे यांच्याच नेतृत्वाखाली पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा त्यांच्या संघाला धर्माचे नाव नव्हते.

त्या खेळीत जेमिमाने जे वचन आठवले ते बायबलमधल्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातले आहे, आणि ते पुन्हा उघडून वाचण्याची विनंती मी दोन्ही बाजूंना करेन. पुढे समुद्र आणि मागे इजिप्तचा राजा फारो याचे सैन्य अशा कोंडीत सापडलेल्या, भेदरलेल्या माणसांना त्यांचा पुढारी मोशे सांगतो की तुम्ही शांत राहा, लढणारा परमेश्वर आहे. हे चढाई करणाऱ्याचे नव्हे, पाय लटपटणाऱ्याचे वचन आहे. त्याच स्पर्धेत एका सामन्यातून वगळली गेलेली, आपण जवळजवळ रोज रडत होतो असे उघडपणे सांगणारी ही मुलगी त्या वचनाकडे विजय मागायला गेली नव्हती. उभे राहण्याचे बळ मागायला गेली होती. आपल्या लेखकाला त्यात प्रचार दिसला आणि आमच्या लोकांना त्यात जयघोष ऐकू आला, आणि तिने बोललेले दोघांच्याही हातून निसटले.

खेळाचा शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट कबूल करतो. फुटबॉलच्या नियमांत खेळाडूच्या पोशाखावर धार्मिक घोषणा लिहिण्यास मनाई आहे आणि तो नियम मला योग्य वाटतो. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका याने २००७ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यानंतर आपण येशूचे आहोत असे लिहिलेला बनियन दाखवला तेव्हा आमच्याकडची तरुण मुले हरखली होती, पण अंगावरचा शर्ट संघाचा असतो. तोंडातले शब्द मात्र ज्याचे त्याचे.

राहिला रविवारचा प्रश्न, म्हणजे उपासनेच्या दिवशी खेळावे की नाही हा, जो आपल्या लेखात स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलच्या निमित्ताने आला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक घेतले, इथपर्यंत लेखकाने बरोबर लिहिले आहे. त्यापुढचे राहून गेले. मिशनरी होऊन चीनला गेलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला. तिथली मुले रविवारी पंचाविना हॉकी खेळताना भांडू लागली, तेव्हा रविवारी न धावणारा लिडेल स्वतः शिट्टी घेऊन मैदानात उतरला. १९४५ मध्ये त्याच छावणीत त्याचा मृत्यू झाला. मला त्याच्या पदकापेक्षा ती शिट्टी मोठी वाटते.

आमच्या घरी या प्रश्नावर तोडगा केव्हाच निघालेला आहे. येत्या रविवारी उपासना सकाळी आहे आणि शाहू स्टेडियमवरचा सामना दुपारी चारला. आजोबा कोणत्या बाजूला बसणार, असे नातवंडे विचारून गेली. पण कोल्हापुरात ती जागा माणसाची पेठच ठरवते, आणि माझी ठरून साठ वर्षे झाली.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक
कोल्हापूर