चट्ट्यांपलीकडे पाहणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

पहिल्या भेटीत तुम्ही बीपीचा पट्टा काढलात आणि मी बाही वर करायला कचरले. दंडभर सोरायसिसचे चट्टे, हात हलवला की खपल्या झडायच्या. तुम्ही त्यातल्या त्यात बरी जागा शोधून पट्टा हलक्या हाताने बांधलात आणि टेबलावर पडलेला कोंडा माझ्याशी बोलता बोलता पुसून टाकलात. चेहऱ्यावर एक आठी नाही. ते पुसणं मी कधी विसरणार नाही.

"त्वचेच्या दुखण्याला बीपी कशाला?" असं मी विचारलं होतं. तुम्ही नीट समजावलंत. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती बिथरते आणि तिने पेटवलेला दाह कातडीपाशी थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही तो पोखरतो. म्हणूनच आजार तीव्र असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेतही हा धोका वाढवणाऱ्या आजारांत सोरायसिसचं नाव आहे. इतकी वर्षं मलमं चोपडली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बीपी १५०/९६ भरलं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने चट्टे उतरत होते, मी खुशीत होते. त्याच औषधाने बीपी चढू शकतं हे ठाऊकच नव्हतं. तुम्ही ते बंद केलंत, रक्तातली साखर आणि चरबी तपासून घेतलीत.

पुढे बायोलॉजिक, म्हणजे दाह पेटवणारे ठरावीक घटक रोखणारं इंजेक्शन सुरू करताना मी आशेने विचारलं, "मग आता हृदयाची काळजी मिटली ना?" हो म्हणणं सोपं होतं. तुम्ही म्हणालात, बायोलॉजिक घेणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्यांतला मऊ थर वर्षभरात कमी झाल्याचं एका अभ्यासात दिसलंय. पण ॲडालिमुमॅब या बायोलॉजिकची औषध नसलेल्या इंजेक्शनशी तुलना केली, तेव्हा महाधमनीतला दाह काही घटला नाही. त्यामुळे इंजेक्शन त्वचेसाठी, आणि बीपीची व कोलेस्टेरॉलची गोळी, चालणं हे वेगळं चालूच ठेवायचं. तुमच्या या खरेपणामुळे मी एकही गोळी चुकवत नाही. मनापासून आभार, मॅडम.

परवा पट्टा बांधताना दंड स्वच्छ होता, कुठेही बांधला असता तरी चाललं असतं. तरी सवयीने तुम्ही आधी जागा शोधलीत.

आपली कृतज्ञ,
तुमची एक रुग्ण