आधी टेलला

भांडुप, मुंबई

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

पाणी वापर संस्थेचा, म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटायला तुम्ही शेतकऱ्यांनी चालवलेल्या संस्थेचा, राजीनामा द्यायचं म्हणतोस. आधी हे वाच, मग काय तो निर्णय घे.

मागच्या दिवाळीत तू मला वाघाड धरणाच्या चारीवर, कालव्याच्या त्या फाट्यावर, हिंडवलंस. आधी टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी, मग वर सरकत यायचं, हे तिथे ऐकलं. मी मान डोलावली, पण डोक्यात शिरलं ते घरी आल्यावर.

आमची वस्ती टेकडीवर. पाच घरांत मिळून एक नळजोडणी. एक जण सेक्रेटरी, त्याने सगळ्यांकडून पैसे गोळा करून बिल भरायचं. पाणी पहाटे, पालिकेचा चावीवाला चावी फिरवील तेव्हा. खालच्या घराने मोटर लावली की वरच्या आजींच्या नळाला नुसती हवा. मग हंडे आपटणं, आईबाप काढणं. पाणी भरतात बायका, भांडतातही त्याच; सेक्रेटरी मात्र कायम पुरुष!

या खेपेला मी तुमचा नियम मांडला. आजींचे दोन पिंप भरल्याशिवाय खालचा कॉक उघडायचा नाही, मोटर बंद. खालच्याने महिनाभर कटकट केली. मग बायकांनी पाळ्यांचा तक्ताच त्याच्या दारावर चिकटवला. कटकट कमी झाली. गेली म्हणणार नाही. सेक्रेटरी आता आजींची सून.

पण आमची सत्ता त्या कॉकपर्यंतच. २००५च्या सिंचन कायद्याने तुमच्या संस्थेला पाणी मोजून मिळतं, आत कसं वाटायचं ते तुम्ही ठरवता. इथे पालिकेच्या हिशेबात इमारतीतल्या माणसाला रोज १३५ लिटर, झोपडीतल्याला ४५. हे आम्हाला कुणी विचारलं? २००० नंतरच्या झोपड्यांना तर रीतसर नळच मिळत नव्हता. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणारी पाणी हक्क समिती कोर्टात गेली, तेव्हा डिसेंबर २०१४मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही.

आणि हे पाणी तरी आमचं कुठे? मुंबईला पाणी देणारं अप्पर वैतरणा धरण तुझ्याच नाशिक जिल्ह्यातलं. तानसा, भातसा शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघतात. धरण उशाला, कोरड घशाला. आमच्या पाण्याचा टेल खरं तर तिथे आहे, पण त्यांना आणि आम्हाला एका सभेत बसवणारी संस्थाच नाही.

म्हणून तुझा राग येतो. बापू उपाध्ये आणि भरत कावळे या कार्यकर्त्यांनी तुमच्याकडे ओझरला टेलच्याच शेतकऱ्यांना धरून सुरुवात केली, ती त्यांना पाणी पोचत नव्हतं म्हणून. तुला सभेत शिव्या खाव्या लागतात, कबूल. पण देणारा समोर बसून देतो, आणि पुढच्या आवर्तनात, कालव्याला पुन्हा पाणी सुटलं की, तुला जाब विचारतो. आमच्या चावीवाल्याला तरी काय विचारायचं? त्यालाही वेळ वरून ठरवून मिळते.

बरं, एक कळव. पाणीपट्टी थकवणाऱ्याचं तुम्ही काय करता? आमच्यात एक घर तीन बिलं गप्प बसून आहे, आणि पाणी तोडायला सूनबाई तयार नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अनंता