मतं फुटली आणि कोल्स निवडून आला

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
रविवार, रात्री

प्रिय दिग्या,

सरपंचकी एकवीस मतांनी गेल्याचं तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस मलाच चैन पडेना. भावकीतलाच एक उभा करून मतं फोडली म्हणतोस. धीर देणं मला कधी जमलं नाही, म्हणून इथली एक जुनी निवडणूक सांगतो. तिथे मतं फुटली म्हणूनच भला माणूस निवडून आला.

माणूस एडवर्ड कोल्स, आमच्या इलिनॉयचा दुसरा गव्हर्नर. (वरून नेमलेला राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडलेला, म्हणजे आपल्या हिशेबाने मुख्यमंत्रीच.) 1818 मधला पहिला, शॅड्रॅक बॉन्ड, स्वतःच गुलाम बाळगून होता. राज्य म्हणायला गुलामीमुक्त. पण काळ्या माणसांना 99 वर्षांच्या करारावर अंगठा लावून राबवायचे, आणि शॉनीटाउनजवळच्या मिठागरांवर बाहेरून भाड्याने आणलेले गुलाम चालायचे. तेही घटनेच्या परवानगीने, 1825 पर्यंत.

कोल्स मूळचा व्हर्जिनियाच्या बड्या जमीनदाराचा मुलगा, अध्यक्ष मॅडिसनचा खासगी सचिव. 1814 मध्ये याने थेट माजी अध्यक्ष जेफरसनला लिहिलं, गुलामी संपवायला तुम्ही पुढे व्हा. म्हाताऱ्याचं उत्तर आलं: हे काम तरुणांचं, आणि तूही आपला मुलूख सोडू नकोस. यातलं पहिलं कोल्सने ऐकलं, दुसरं नाही.

1819 च्या एप्रिलात वारशाने आलेले गुलाम घेऊन तो पिट्सबर्गहून होडक्यांतून ओहायो नदीने इलिनॉयकडे निघाला. दोन होडकी एकमेकांना बांधलेली, हवा शांत. सगळ्यांना त्याने एकत्र बोलावलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही माझ्याइतकेच मोकळे. बरोबर या नाहीतर इथेच उतरा. कोणी बोलेना. नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग कुणाला तरी वेड्यासारखं हसू फुटलं. पुढे तेच म्हणाले, तुमचं बस्तान बसेपर्यंत आम्ही काम करतो. त्याने प्रत्येक कुटुंबप्रमुखाला 160 एकर जमीन दिली. हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेल, दर वेळी त्या हसण्यापाशी अडतो.

आता 1822. उमेदवार चार. गुलामीच्या बाजूच्या मतांचे दोन वाटेकरी झाले: फिलिप्सला 2,687, ब्राऊनला 2,443. कोल्सला 2,854. म्हणजे 167 मतांनी, आणि एकूण मतांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर, गडी गव्हर्नर!

निवडून आल्या आल्या म्हणाला, राज्यात उरलेली गुलामीही काढून टाका. सभागृह खवळलं. उलट गुलामी आणण्यासाठी नवी घटना लिहायचा घाट घातला. त्याला दोन तृतीयांश मतं हवी होती, एक कमी पडली. मग काय केलं? हॅन्सन नावाचा सभासद विरोधात गेला होता. त्याची निवड आधी मान्य केलेली, ती फिरवली आणि त्याच्या जागी त्याचा हरलेला प्रतिस्पर्धी आणून बसवला. असले प्रकार फक्त आपल्याकडेच होतात असं समजू नकोस. त्या रात्री वँडालियात, तेव्हाच्या राजधानीत, हॅन्सनचा पुतळा जाळला आणि जमाव कोल्सच्या दारात जाऊन शिमगा करून आला.

पण अखेरचा कौल जनतेचा होता. गव्हर्नराच्या हातात सत्ता अशी फारशी नव्हतीच, पगार वर्षाला 1,000 डॉलर. चार वर्षांचा तो सगळा पगार त्याने या लढ्यात घातला, वर्तमानपत्र हाताशी धरलं, पत्रकं छापली. 2 ऑगस्ट 1824 ला मतं पडली: नव्या घटनेच्या बाजूने 4,972, विरोधात 6,640.

बक्षीस म्हणून काय मिळालं? गुलाम सोडताना जामीन भरला नाही म्हणून खटला, 2,000 डॉलर दंड. वरच्या कोर्टात तो सुटला खरा. पण 1831 मध्ये काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, उभा राहिला, तर लोकांनी पाडला. मग फिलाडेल्फियाला गेला तो कायमचाच. 1862 मध्ये, इथल्या यादवी युद्धात, रोआनोक बेटावरच्या लढाईत त्याचा धाकटा मुलगा मारला गेला. मुलगा दक्षिणेच्या, गुलामीवाल्यांच्या फौजेत होता. बाप त्यानंतर सहा वर्षं जगला.

असो. वॉर्डवार मतांचा कागद पाठव, कुठे गळती झाली ते बसून बघू. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की दिवाळीला येतोय.

तुझा,
बाळ्या